तळहातानं निवडलेला क्लच

आमच्या जीपला बठ्ठं गाव शिट्टीवाली म्हणायचं. धरणगावपासून कोसभर आत आमचं गाव. सकाळी जीप फाट्याकडून वळली की शिट्टी ऐकू यायची, आन् जळगावला जाणारे लोक पिशव्या घेऊन निंबाखाली येऊन उभे राहायचे.

ती शिट्टी टर्बोची होती. आमच्या मालकांना गाडीचं भारी वेड. जुनी पेट्रोलची जीप घेतली, तिच्यात डिझेलचं इंजिन बसवलं, आन् तेवढ्यानं भागलं नाही म्हणून मोडीत निघालेल्या एका ट्रकचा टर्बो आणून धुळ्याच्या मिस्तरीकडून त्या इंजिनवर चढवून घेतला. दिसायला तो शंखासारखा. त्यात हवा घुमली की इंजिनला जोर यायचा आन् शिट्टी वाजायची. मी विचारलं होतं, "एवढा जोर कशाला हवा?" तर म्हणाले, "चौदा माणसं भरली तरी गाडी कण्हायला नको." बाहेरून तेवढी ती जीप राहिली होती.

मग एका कापसाच्या हंगामात जिनिंगमध्ये गाठी भरताना एक गाठ वरून सुटली ती मालकांच्या कमरेवर आली. जीव वाचला. जळगावच्या दवाखान्यात महिना काढला. घरी आले तेव्हा डाव्या पायात बळच नव्हतं. काठी धरून चालायचे, पण गाडीत क्लच डाव्या पायानं दाबतात. म्हणजे गाडी सुटली. ही नव्वदच्या पुढची तीन-चार सालं असतील.

माझ्या धाकट्या दिरानं जीप हातात घेतली. तेव्हा तो तेवीस-चोवीसचा. रावेरला केळीच्या ट्रकवर जायचं त्याच्या मनात होतं, ते त्यानं बाजूला ठेवलं. त्यानं स्टिअरिंग धरलं म्हणून आमच्या घरात दोन वेळा भाकरी झाली. हे मी आधी सांगते, कारण पुढं मी त्याच्याशी भांडले त्याची गोष्ट आहे, आन् त्याचे उपकार मागं पडायला नकोत.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला एक काम लावून दिलं होतं. रोज संध्याकाळी मालकांनी खाटेवर बसायचं, मी समोर भिंतीला पाठ लावून खाली बसायचं, आन् त्यांच्या डाव्या पायाच्या तळव्याला माझा तळहात लावायचा. त्यांनी पाय ढकलायचा, मी हात ढकलायचा. वीस वेळा. पहिले दोन महिने पाय नुसता टेकायचा, कबुतर बसावं तसा. मग जरा जरा जोर लागायला लागला. वर्षानं मला कोपर पोटाशी धरून हात रेटावा लागायचा. दीड वर्षानं भरल्या हंड्याखाली हात घालावा इतका. त्याच्यापुढं मात्र पाय जाईना. वीस झाले की पाय आपणच उचलून खाटेवर घ्यायचे. पण मी बघायची, दारात जीप आली की त्यांची नजर आधी चाकांवर जायची, मग भावावर.

माझ्या मनात तेव्हापासून एकच होतं. हा माणूस पुन्हा गाडीत बसला पाहिजे. कोणाला बोलले नाही. बोलून झालं नाही तर दुःख दुप्पट.

आता माझी चूक सांगते.

आखाजीला तीन आठवडे राहिले होते. आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात. दिवाळीला नाही आली तर चालतं, आखाजीला आलीच पाहिजे. गावातल्या नऊ घरांनी आमची जीप सांगून ठेवली होती, कोणाची लेक पारोळ्याला, कोणाची एरंडोलला, कोणाची पार धुळ्याकडं. आन् नेमकं त्या दिवसांत क्लच दाबला की गाडी किरकिर करायला लागली. दीर म्हणाला, "आखाजी झाली का दखू." मला ते चैन पडू देईना. माझ्या वडलांची बैलगाडी होती. चाक कुरकुरलं की आखात एरंडेल घालायचं, दुसरा विचार नाही. एक दिवस दुपारी दीर आत जेवत होता. मागं एकदा त्यानं गाडीखालची रबराची टोपी काढून आत बघितलेलं मी पाहिलं होतं. मी खाली शिरले, ती टोपी काढली आन् वाटीभर एरंडेल आत ओतलं. टोपी परत बसवली, हात पदराला पुसले.

दोन दिवस आवाज बंद. मला मनातून बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी एरंडोलच्या अलीकडं भरलेली जीप उभीच राहिली. इंजिन ओरडतंय, शिट्टी वाजतीय, आन् चाकं हलत नाहीत. जळक्याचा वास सुटला. दिरानं जोर वाढवला तसा वास वाढला. पंधरा माणसांनी ढकलून जीप कडेला घेतली.

मालक मला म्हणाले, "तू जाय त्यानासंगे धुळाले. त्याले जोरनी हौस शे, काहीबी उचली लई." म्हणून मी गेले. जीप एका ट्रकच्या मागं दोर बांधून धुळ्याला नेली. दीर जीपमध्ये, मी ट्रकमध्ये पुढं बसले, मांडीवर भाकरी-ठेच्याचं फडकं.

मिस्तरीची जागा हमरस्त्याला लागून होती. पत्र्याचं छप्पर, पुढं मोकळं अंगण, अंगणात सात-आठ गाड्या. मिस्तरी पन्नाशीचा, कानाला पेन्सिल. टर्बो त्यानंच बसवलेला, त्यामुळं जीप बघून हसला. "आली का माझी शंखिणी?" मालकांची चौकशी केली. मग त्यानं जीप खोलली. मी एका डब्यावर बसून बघत होते. दुपारपर्यंत आतलं सगळं बाहेर आलं. त्यानं एक थाळी उचलली, नाकाशी नेली, पुन्हा नेली, आन् दिराकडं बघितलं.

"हे इंजिनचं ऑइल नाही भाऊ. एरंडेल आहे. क्लचला जुलाब दिला का रे?"

अंगणातले बठ्ठे हसले. दिराचं तोंड उतरलं. "मी नही टाकं, मिस्तरी. आईनी आन."

"मग गाडी स्वतः प्यायली का? ड्रायव्हर तू. क्लच कोरडा असतो, घासून घासून काम करतो तो, एवढं कळत नाही? आन् म्हणे जळगाव लाइन चालवतो."

मी डब्यावरून उठले. म्हटलं, "त्याला बोलू नका. मी ओतलं. गाडी कुरकुरत होती, मला वाटलं आख कोरडा झाला."

मिस्तरी माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "अक्का, प्रेमानं केलं ना? मग झालं." आन् हसणाऱ्यांना म्हणाला, "कामं नाहीत का रे?" त्यानं पुन्हा तो विषय काढला नाही. या एका गोष्टीसाठी मी त्याला अजून हात जोडते.

मग त्यानं मला जळलेलं काय ते दाखवलं, आन् मला समजेल असं सांगितलं. इंजिनच्या मागं एक जड लोखंडी चाक असतं, फ्लायव्हील. ते इंजिनबरोबर सारखं फिरतं. त्याच्यावर क्लचची थाळी दाबून बसते. ती चिकटली की चाकं फिरतात, पाय दाबून सुटी केली की इंजिन एकटं फिरतं. तेल लागल्यामुळं थाळी घसरत राहिली, तापली, जळली. आन् फ्लायव्हीलपण गेलं. त्याच्यावर निळे डाग पडले होते, बारीक चिरा गेल्या होत्या, तव्यावर करपलेली भाकरी उचलल्यावर राहतं तसं. "हे घासून चालणार नाही," मिस्तरी म्हणाला. "दोन्ही नवीन घ्यावं लागेल. आन् साधं घेतलं तर टर्बोच्या जोराला ते टिकणार नाही. एरंडेल नसतं ओतलं तरी वर्षभरात गेलंच असतं."

दिरानं लगेच ठरवलं. त्याला माहीत होतं. बटनाची प्लेट, म्हणजे तिच्यावर तांब्याच्या रंगाचे कडक तुकडे बसवलेले असतात, ती म्हणे ट्रॅक्टरला लावतात, कधी घसरत नाही. तिच्या वर कडक स्प्रिंगांची दाबणी. आन् फ्लायव्हील हलकं. "हलकं राहिनं म्हणजे गाडी पळी," तो म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. मिस्तरीनं मान हलवली. "टिकेल. काही प्रश्न नाही."

मी विचारलं, "पाय कडक लागेल का?"

"लागेल थोडा," मिस्तरी म्हणाला. अंगणात एक ट्रॅक्टर उभा होता, तसलाच क्लच बसवलेला. "त्याच्यासारखा."

मी ट्रॅक्टरपाशी गेले. खाली वाकले, कोपर पोटाशी धरलं आन् क्लचच्या दांडीवर तळहात ठेवून रेटला. जेवढा रोज संध्याकाळी रेटायचे तेवढाच. जास्त नाही, कमी नाही. दांडी हलली नाही. भिंत दाबावी तसं.

मागून मिस्तरी म्हणाला, "अक्का, क्लच हातानं नाही दाबत."

"मला ठाऊक आहे."

"मग?"

मला सांगावंच लागलं. म्हटलं, "ज्याला दाबायचा तो पाय घरी आहे. मी त्याचं माप आणलंय." आन् हात पुढं केला.

दिराला कळलं. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. आधी राग आला त्याला. "वैनी, गाडी मी चालाडस. मना पाय चांगला शे. भाऊकरता गाडी मऊ करशी, आन् वाटमा क्लच घसरना तर? आखाजीले नऊ घरन्या लेकी शेतस!"

"मी मऊ कर म्हणत नाही," मी म्हटलं. "मी विचारते, टिकेल आन् दाबलापण जाईल असं काही आहे का."

"नही राहत तसं. जोर पाहिजे तं पाय लागस."

"तू मिस्तरी आहेस का?"

"तुम्ही शेतस का? वाटीभर तेल टाकी दिधं..."

तो मधेच थांबला. बोलला ते खरंच होतं. मिस्तरी पेन्सिलीनं कान खाजवत आम्हा दोघांकडं बघत होता. मग म्हणाला, "चहा घ्या."

चहा पिताना तो जळकं फ्लायव्हील बोटानं मोजत राहिला, मग जीपच्या आत हात घालून मोजत राहिला. मग म्हणाला, एक रस्ता आहे. स्प्रिंग कडक करून जोर धरता येतो, तसा थाळी मोठी करूनपण धरता येतो. थाळी जितकी रुंद तितकं तिला कमी दाबावं लागतं. "वहीचं एक पान दोन बोटांनी धरलं तर घट्ट धरावं लागतं. सगळा पंजा लावला तर नुसतं टेकवलं तरी सुटत नाही. तसं." एका मालटेम्पोचा क्लच मोठा असतो, आन् पाय मऊ. पण त्याला फ्लायव्हीलही मोठं लागेल, जड. ते आत बसवायला लेथवर काम करावं लागेल, भोकं नवी पाडावी लागतील, कडेचे स्टार्टरचे दाते जुळवावे लागतील. "चार दिवस लागतील. आन् गाडी उडी मारणार नाही. सावकाश उठेल."

दीर म्हणाला, "जड चाक म्हणजे गाडी म्हैस व्हई जाई."

मिस्तरीनं मला विचारलं, दिराला नाही. "अक्का, हलकं का जड? हलकं लवकर फिरतं, पण पाय जरा चुकला की इंजिन बंद. जड उशिरा फिरतं, पण थांबतपण नाही."

आता हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझ्या माहेरी दोन जाती होती. एक लहान, एक मोठं. लहान जातं हात लावला की फिरायचं, पण हात काढला की थांबायचं, दर फेरीला पुन्हा जोर मागायचं. मोठ्या जात्याला पहिल्या दोन फेऱ्यांना खांदा भरून यायचा, मग ते आपणच ओढून न्यायचं. आजारी बाईला आमच्याकडं मोठ्या जात्यावर बसवायचे, समोर कोणीतरी पहिल्या फेरीला हात लावायचं, मग ती एकटी दळत बसायची. मी म्हटलं, "जड घ्या. मालकांचा पाय सोडताना थरथरतो. हलकं चाक त्यांना माफ करणार नाही."

मिस्तरी हसला. "आन् शंख वाजायच्या आधी इंजिनात जीव कमी असतो. तेवढा वेळ जड चाकच ओढेल. बरोबर बोलल्या अक्का."

अंगणात तसला एक टेम्पो होता. मी पुन्हा वाकले. कोपर पोटाशी, तळहात दांडीवर, रोजच्याएवढा जोर. दांडी खाली गेली. अडखळत नाही, हळूहळू, पार तळाला टेकली. मी तशीच धरून राहिले. मनात वीस मोजले. हात भरून आला नाही. मग सोडली.

दीर मागंच उभा होता. मग माझ्याकडं न बघता मिस्तरीला म्हणाला, "मोठाच टाका. पण घसरना तर मी येसू तुमनाकडे भांडाले."

"ये की. एरंडेल घेऊन ये," मिस्तरी म्हणाला.

मी एस.टी.नं घरी आले. दीर धुळ्यालाच राहिला, लेथवाल्याच्या दारात बसून त्यानं काम करून घेतलं. फ्लायव्हील बसवताना त्यानंच उचललं म्हणे, एकट्यानं. मालकांना मी काही सांगितलं नाही. संध्याकाळी पाय आन् हात चालूच होते. उलट मी जरा जास्तच रेटायला लागले. मालक म्हणाले, "आज काय खाऊन आली व?"

पाचव्या दिवशी सकाळी शिट्टी ऐकू आली, पण रोजच्यापेक्षा उशिरा, फाटा सोडून खूप आत आल्यावर. जीप दारात आली. मालक खाटेवर होते. दीर उतरला आन् दुसरं काही न बोलता म्हणाला, "भाऊ, मी तेल टाकी दिधं व्हतं क्लचमा. चूक व्हई गई. आते दखा बरं, काम बराबर व्हयनं का."

मी तोंड उघडलं, तर त्यानं डोळ्यांनी मला गप्प केलं. मालकांनी त्याला दोन शब्द चांगलेच सुनावले. एवढी वर्सं गाडीवर काढली आन् अक्कल कुठं ठेवली, असं. तो खाली मान घालून ऐकत राहिला. पुढं वर्षभरानं मी मालकांना खरं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "माले म्हाईत व्हतं. वाटीले डिझेलना वास येत व्हता."

"बठा ना भाऊ," दीर पुन्हा म्हणाला. "मी काय क्लच दखू? तुम्हले कळस."

"नको. गावले तमाशा दखाडू नको."

"कोण शे आठे? वैनी शे नि कोंबड्या शेतस."

मालक उठले. काठी दारावर टेकवली. दिरानं हात दिला नाही, ते बरं केलं. ते कसेबसे आत बसले, डावा पाय हातानं उचलून क्लचवर ठेवला. मी खिडकीपाशी उभी होते. माझा उजवा हात आपोआप पुढं झाला होता, तळवा वर करून, ते मला नंतर कळलं. त्यांनी तो हात बघितला. मग पाय बघितला. मग दाबला.

दांडी खाली गेली.

ते तसेच बसले, दाबून धरून. गिअर टाकला. पाय सोडायला लागले तेव्हा तो थरथरला, मी सांगितलं होतं तसा. बटनाची प्लेट असती तर जीप तिथंच उडी मारून बंद पडली असती. ही हलली. भरलेली गाडी जुने बैल उचलतात, तशी. कोंबड्या बाजूला झाल्या. जीप निंबापर्यंत गेली, वळली, परत आली. शिट्टी वाजलीच नाही, इतकी हळू. मालक खाली उतरले नाहीत. समोर बघत म्हणाले, "जड चाक कोणी निवडलं?"

दीर म्हणाला, "वैनीनी."

ते "हां" म्हणाले. तेवढंच. आमच्या घरात हे पुष्कळ झालं.

आखाजीच्या आधीच्या चार दिवसांत नऊच्या नऊ लेकी आणल्या. सगळ्या मालकांनीच आणल्या असं नाही, लांबच्या दिरानं आणल्या, जवळच्या मालकांनी. क्लच घसरला नाही. पुढं किती वर्सं घसरला नाही. दीर पावसाळ्यानंतर रावेरला गेला, केळीच्या ट्रकवर, त्याच्या मनासारखं झालं. जाताना मला म्हणाला, "वैनी, एरंडेलनी बाटली वर ठेवा."

मिस्तरीकडं त्यानंतर तीन-चारदा गेलो. दर वेळी मी सांजोऱ्या नेल्या. तो खायचा आन् अंगणातल्या लोकांना सांगायचा, "ही अक्का तळहातानं क्लच निवडते." मला लाज वाटायची, पण बरंपण वाटायचं. डॉक्टरांनी हात लावायला शिकवलं, दिरानं गाडी ठेवली, मिस्तरीनं चार दिवस दिले. यातलं एक नसतं तर काय झालं असतं, ते मी कधी धरून बसले नाही. होतं, म्हणून निभावलं.

पहिली लेक आणली त्या संध्याकाळचं सांगते. एरंडोलहून शेजारच्यांची लेक आली होती, त्यांच्या दारातल्या झोक्यावर बाया गात होत्या. मी रोजच्यासारखी भिंतीला पाठ लावून खाली बसले आन् तळहात पुढं केला. मालक खाटेवर बसले होते. पाय काही आला नाही.

"आज नको," ते म्हणाले. "आज दिवसभर दाबला."

मी हात मागं घेतला. मग हात धुतले आन् भाकरी थापायला गेले.